‘हॅकटूल’ म्हणून अडवलेला पंख्यांचा ड्रायव्हर: विनरिंग० प्रकरण

मार्च २०२५. जोडणी करून घेतलेला डेस्कटॉप, त्यावर विंडोज ११, आणि अँटिव्हायरस म्हणून विंडोजसोबत येणारा डिफेंडर. मालकाने एका बैठकीत चिपसेट, नेटवर्क आणि ग्राफिक्स कार्ड असे तीन ड्रायव्हर नवे घातले आणि मशीन रीस्टार्ट केलं. डेस्कटॉप दिसतो न दिसतो तोच उजव्या कोपऱ्यात पट्टी आली: धोका सापडला, कारवाई केली. धोक्याचं नाव ‘हॅकटूल:विन३२/विनरिंग०’, तीव्रता ‘हाय’. त्याच वेळी पंख्यांचा वेग सांभाळणाऱ्या फॅन कंट्रोल या प्रोग्रॅमच्या खिडकीतले तापमानाचे आकडे गायब झाले.

हे मशीन नमुन्यादाखल घेतलेलं आहे. घटनाक्रम मात्र त्या महिन्यात फॅन कंट्रोल, दिवे सांभाळणारं ओपनआरजीबी, तापमान दाखवणारं लिब्रेहार्डवेअरमॉनिटर अशी साधनं वापरणाऱ्यांनी जगभर अनुभवलेला आहे. बहुतेकांनी दोनपैकी एक निष्कर्ष काढला. काहींना वाटलं, नव्या ड्रायव्हरमधून व्हायरस आला. त्यांनी तिन्ही ड्रायव्हर काढून टाकले, एखाद्याने विंडोजच नव्याने घातलं. बाकीच्यांनी डिफेंडर नेहमीसारखा उगाच ओरडतोय असं धरून ‘अलाउ’ दाबलं आणि कामाला लागले. दोन्ही निष्कर्ष चुकले, आणि ते का चुकले हे समजलं की पुढचा असा इशारा हाताळणं पुष्कळ सोपं जातं.

इशारा ड्रायव्हर बदलल्यावरच का आला

नव्या तीन ड्रायव्हरांचा या इशाऱ्याशी काहीही संबंध नव्हता. संबंध होता तो रीस्टार्टचा.

डिफेंडरच्या डेफिनिशन्स, म्हणजे धोके ओळखण्याच्या याद्या, दिवसातून अनेकदा बदलतात. डिस्कवर वर्षानुवर्षं पडून असलेली फाइल प्रत्येक नव्या यादीनंतर लगेच तपासली जाते असं नाही. ती उघडली, लिहिली किंवा मेमरीत चढवली की तपासली जाते. फॅन कंट्रोलच्या त्या वेळच्या आवृत्त्या लिब्रेहार्डवेअरमॉनिटरची लायब्ररी वापरत. ही लायब्ररी प्रोग्रॅम सुरू होताना आपल्या पोटातून एक छोटी ‘सिस’ फाइल (हाच विनरिंग० ड्रायव्हर) काढून फोल्डरात ठेवते, तिच्या नावाने सर्व्हिस नोंदवते आणि ती कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चढवते. म्हणजे रीस्टार्टनंतर प्रोग्रॅम उघडला की ती फाइल डिफेंडरच्या नजरेसमोर नव्याने जन्म घेते. मधल्या काळात यादीत तिचं नाव चढलेलं असलं की पकडली जाते.

ड्रायव्हर बदलल्यावर येणारे कितीतरी इशारे याच पठडीतले असतात. आज काय बदललं याची आपण आठवण काढतो, तेव्हा स्वतः केलेला बदल तेवढा आठवतो. पाठीमागे डेफिनिशन्स बदलल्या हे दिसतच नाही. म्हणून पहिली नोंद तिचीच घ्यावी. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडून ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ या भागात डेफिनिशनची आवृत्ती आणि ती कधी आली ती वेळ दिसते. ती वेळ आणि इशाऱ्याची वेळ शेजारीशेजारी लिहून ठेवली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी पंखे, मग व्हायरस

या प्रकरणात एक गोष्ट व्हायरसपेक्षा तातडीची होती आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

मदरबोर्डवर पंख्यांचा वेग सुपर आय-ओ नावाची चिप ठरवते. बहुतेक बोर्डांवर ती नुवोटॉनची किंवा आयटीईची असते. पंख्याला द्यायचा जोर तिच्या रजिस्टरमध्ये ० ते २५५ या आकड्यात लिहिलेला असतो. फॅन कंट्रोलसारखा प्रोग्रॅम चालू असताना ही चिप ‘मॅन्युअल’ अवस्थेत असते: प्रोग्रॅम दर काही क्षणांनी तापमान वाचतो आणि नवा आकडा लिहितो. प्रोग्रॅम नीट बंद झाला तर जाताना तो चिपला मूळ अवस्थेत नेऊन ठेवतो. डिफेंडरने पायाखालचा ड्रायव्हरच काढून घेतला तर तेवढी उसंत मिळत नाही. शेवटचा लिहिलेला आकडा तसाच राहतो. मशीन निवांत असताना तो २५५ पैकी ७६ असेल, तर पंखा तीस टक्क्यांवरच अडकतो आणि तासभर व्हिडिओ रेंडर केला तरी तिथेच राहतो.

प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. तापला की वेग कमी करतो. पण प्रोसेसरच्या भोवतीचे वीजपुरवठ्याचे भाग आणि एम.२ एसएसडी यांना गार ठेवायचं काम पेटीतल्या पंख्यांचं असतं. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात, खोलीतच बेचाळीस अंश असताना, हे अंगाशी येऊ शकतं. म्हणून असा इशारा आला की बाकी काही करण्याआधी चालू काम सेव्ह करून मशीन रीस्टार्ट करावं आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, जावं. रीस्टार्ट झालं की सुपर आय-ओचा ताबा पुन्हा बायोसकडे जातो. असूसच्या बोर्डावर हा भाग ‘क्यू-फॅन’, गिगाबाइटच्या बोर्डावर ‘स्मार्ट फॅन’, एमएसआयच्या बोर्डावर ‘हार्डवेअर मॉनिटर’ या नावाने असतो. तिथे प्रत्येक पंख्याला वक्र (किती तापमानाला किती वेग) दिलेला आहे ना, कुणी आधी ‘मॅन्युअल’ करून ठेवलेला नाही ना, हे पाहावं. विंडोज उघडल्यावर फॅन कंट्रोल आपोआप सुरू होत असेल, तर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’मधून तो तूर्तास थांबवावा, तिथे दिसला नाही तर टास्क शेड्युलरमध्ये शोधावा. नाहीतर तीच फाइल पुन्हा निघेल, पुन्हा पकडली जाईल, आणि पंखे पुन्हा अर्ध्यात अडकतील.

इशारा वाचायचा कसा

‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडून नोंदीवर क्लिक केलं की खाली ‘अफेक्टेड आयटम्स’ येतात. या मशीनवर त्यात साधारण दोन प्रकारच्या ओळी होत्या. एक ‘ड्रायव्हर’, नाव आर०फॅनकंट्रोल. दुसरी ‘फाइल’, फॅन कंट्रोलच्या फोल्डरातली फॅनकंट्रोल नावाची सिस फाइल.

इथेच लोक फसले. फाइलचं नाव फॅनकंट्रोल, फोल्डर फॅन कंट्रोलचा, मग फॅन कंट्रोललाच व्हायरस लागला असं वाटणं साहजिक आहे. पण लायब्ररी आपल्या ड्रायव्हरला यजमान प्रोग्रॅमचं नाव देते आणि सर्व्हिसच्या नावाआधी ‘आर०’ लावते, एवढाच त्याचा अर्थ. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ या पानावर खरं नाव दिसतं: मूळ फाइलनाव विनरिंग०, आवृत्ती १.२.०.५, हक्क २००७-२००८, ओपनलिबसिस. आकार जेमतेम १४ केबी. डिजिटल सही २००८ सालची, नोरियुकी मियाझाकी या जपानी विकसकाची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कचं आरोग्य दाखवणारं साधनही त्यांचंच.

धोक्याच्या नावाचंही व्याकरण असतं, आणि ते शिकून घेण्यासारखं आहे. अपूर्णविरामाच्या (:) आधीचा शब्द प्रकार सांगतो, त्यानंतरचा मंच, तिरक्या रेघेनंतरचं कुळ. ‘ट्रोजन’ म्हणजे फाइल स्वतः वाईट हेतूने बनवली आहे असा आरोप. ‘पीयूए’ म्हणजे नको असलेला प्रोग्रॅम. फुकटात सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी साधनं बहुतेकदा इथे सापडतात, आणि त्यांच्या बाबतीत डिफेंडरशी वाद घालण्याचं कारण नसतं. ‘हॅकटूल’ हा आरोप वेगळा: या साधनाने असं काही करता येतं जे हल्लेखोराला उपयोगी पडेल. पुढे मायक्रोसॉफ्टने याच फाइलसाठी ‘व्हल्नरेबलड्रायव्हर:विनएनटी/विनरिंग०’ हे नाव वापरायला सुरुवात केली. ते जास्त प्रामाणिक आहे. मार्चमध्येच ते वापरलं असतं तर निम्मी घबराट टळली असती.

नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ असेल, उदाहरणार्थ ‘ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल’, तर तो निकाल मशीन लर्निंगच्या अंदाजावरचा आहे. कमी खपाच्या आणि सही नसलेल्या इन्स्टॉलरांवर खोटे इशारे येतात ते बरेचदा याच शेपटीचे. विनरिंग०च्या नावाला ती शेपटी नव्हती. एक ठरावीक, नेमकी ओळखलेली फाइल अडवली गेली होती.

मग हा इशारा खोटा होता का

नाही. प्रोग्रॅमच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नव्हतं, पण इशाऱ्यात जे म्हटलं होतं ते बरोबर होतं.

प्रोसेसरवर प्रोग्रॅम चालण्याचे थर असतात. आपले नेहमीचे प्रोग्रॅम बाहेरच्या थरात, रिंग ३ मध्ये चालतात. कर्नल आणि ड्रायव्हर सर्वांत आतल्या रिंग ० मध्ये. पंख्याच्या चिपशी बोलायचं तर आय-ओ पोर्टवर लिहावं लागतं, प्रोसेसरचं तापमान वाचायला त्याची खास रजिस्टरं वाचावी लागतात, आणि ही कामं बाहेरच्या थरातून होत नाहीत. विनरिंग० हा मधला दलाल. बाहेरचा प्रोग्रॅम त्याला सांगतो, अमुक पोर्ट वाच, अमुक रजिस्टर लिही, भौतिक मेमरीतला अमुक पत्ता दे. तो निमूटपणे करतो. विचारणारा कोण आहे हे तो तपासत नाही. त्यामुळे साध्या वापरकर्त्याच्या हक्काने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम त्याच्यामार्फत भौतिक मेमरी आपल्याकडे जोडून घेऊन थेट ‘सिस्टीम’चे अधिकार मिळवू शकतो. ही त्रुटी २०२० सालीच सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२०-१४९७९ या क्रमांकाने नोंदली गेली. ती नोंदली गेली एका ग्राफिक्स कार्ड कंपनीच्या साधनाच्या निमित्ताने, पण ड्रायव्हर हाच.

काही प्रोग्रॅमांनी आपल्या बाजूने तजवीज केली होती: ड्रायव्हर चढवल्यावर तो फक्त ॲडमिनिस्ट्रेटर आणि सिस्टीमलाच उघडता येईल असं कुलूप लावलं होतं. आमच्या प्रोग्रॅमला धोका नाही, इशारा खोटा आहे, हे त्यांच्या समर्थकांचं म्हणणं त्या मर्यादेत चूक नव्हतं. पण डिफेंडरला ‘सिस’ फाइल दिसते, आणि ती सगळीकडे तीच आहे. शिवाय हल्लेखोर आपला ड्रायव्हर सोबत घेऊन येतो. सही असलेला पण भोक पडलेला जुना ड्रायव्हर आणायचा, चढवायचा आणि त्यातून आत शिरायचं, ही आता रुळलेली पद्धत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने वर्णन केलेल्या स्टीलफॉक्स या मालवेअरने नेमका विनरिंग०च वापरला होता. क्रिप्टो-मायनिंगचा एक्सएमरिग हा प्रोग्रॅमही प्रोसेसरची रजिस्टरं बदलून वेग वाढवण्यासाठी हीच फाइल सोबत ठेवतो, आणि चोरून बसवलेल्या मायनरांमध्ये एक्सएमरिग फार आढळतो.

विकसकांनी भोक बुजवून नवी फाइल का दिली नाही, हा रास्त प्रश्न आहे. कोड दुरुस्त करणं अवघड नव्हतं. अडचण सहीची होती. विंडोज १० ची २०१६ ची १६०७ आवृत्ती आल्यापासून नव्याने बसवलेल्या मशीनवर नवा कर्नल ड्रायव्हर चढवायचा तर त्यावर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलमधून सही घ्यावी लागते, आणि पोर्टलवर नोंदणीसाठी ईव्ही हे ओळख कसून पटवणारं महागडं प्रमाणपत्र लागतं. फावल्या वेळात फुकट साधन बनवणाऱ्या एकट्या माणसाला ते परवडत नाही. २००८ ची सही मात्र जुन्या नियमांखाली चालत राहिली. म्हणून सतरा वर्षं तीच १४ केबीची फाइल डझनावारी साधनांच्या पोटात फिरत राहिली. कुणाचा आळस म्हणण्यापेक्षा ही व्यवस्थेने केलेली कोंडी आहे.

तीच फाइल, दोन अर्थ

आता या प्रकरणातला सर्वांत कामाचा भाग. पंखे चालवणाऱ्या प्रोग्रॅमातली फाइल आणि मायनरने टाकलेली फाइल या बाइट-बाइट सारख्या असू शकतात. हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) काढला तर दोन्हींचा एकच येतो. व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसांकडून फाइल तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर टाकली तर दोन्हींचा निकाल एकच. म्हणजे फाइल कितीही तपासली तरी मशीनला लागण झाली आहे की नाही, हे त्यातून कळणार नाही. ती फाइल तिथे ठेवली कुणी, यावर सगळं ठरतं.

ते शोधायला इव्हेंट व्ह्यूअर पुरतो. ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर, ऑपरेशनल. १११६ क्रमांकाची नोंद म्हणजे धोका सापडला, १११७ म्हणजे कारवाई झाली. १११६ उघडली की खालच्या मजकुरात ‘पाथ’ आणि ‘प्रोसेस नेम’ अशा ओळी असतात. प्रोसेसच्या जागी फॅन कंट्रोलची एक्झी दिसली आणि पाथ त्याच्याच फोल्डरातला असला, तर मालक सापडला. प्रोसेस ‘अननोन’ असेल तर सर्व्हिसकडून शोध घ्यावा: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एससी क्यूसी’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव (अर्थात रोमन अक्षरांत) दिलं की ‘बायनरी पाथ नेम’ या ओळीत फाइलचा पत्ता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या ऑटोरन्स या साधनात ‘ड्रायव्हर्स’ हे पान उघडलं तर हेच डोळ्यांसमोर यादीत मिळतं. कमांडची सवय नसेल त्याने तेच करावं.

काळजी कधी करायची? मशीनवर पंख्यांचं, दिव्यांचं, तापमानाचं किंवा ओव्हरक्लॉकिंगचं एकही साधन नाही आणि तरी विनरिंग० सापडला, तर. पत्ता टेम्प, ॲपडेटा किंवा प्रोग्रॅमडेटामधल्या अर्थहीन नावाच्या फोल्डरातला असेल, तर. काहीच चालू नसताना प्रोसेसर गरम आहे, टास्क मॅनेजर उघडला की लगेच थंडावतो, असं दिसलं तर. डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’मध्ये (तपासणीतून वगळलेल्या जागांच्या यादीत) तुम्ही न घातलेला फोल्डर दिसला, तर नक्कीच. असं काही असेल तर हे प्रकरण ड्रायव्हरचं राहिलेलं नाही. नेट तोडावं, ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवावा, आणि पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलावेत.

नमुन्याच्या मशीनवर यातलं काहीच नव्हतं. फाइल फॅन कंट्रोलनेच ठेवली होती.

‘अलाउ’ का दाबू नये

लागण नाही असं ठरल्यावर ‘अलाउ ऑन डिव्हाइस’ दाबण्याचा मोह होतो, आणि त्या महिन्यात बहुतेक ठिकाणी सल्लाही तोच मिळत होता. खुद्द काही विकसकांचाही. तात्पुरती सोय म्हणून तो समजण्यासारखा होता, कारण दुसरा पर्याय त्या दिवशी हातात नव्हता. कायमचा उपाय म्हणून तो वाईट आहे.

एक तर भोक खरं आहे. परवानगी दिल्याने ते बुजत नाही. दुसरं, फॅन कंट्रोलची झिप लोक अनेकदा डाउनलोड्समध्ये किंवा ‘डी’ ड्राइव्हवर नुसती उलगडून ठेवतात. अशा फोल्डरात साध्या वापरकर्त्यालाही लिहिता येतं. त्या फोल्डरावर एक्सक्लूजन दिलं की उद्या कुठल्याही प्रोग्रॅमने तिथे काहीही आणून ठेवावं, डिफेंडर पाहणार नाही. अख्ख्या ड्राइव्हला किंवा डाउनलोड्सला एक्सक्लूजन दिलेली मशीनंही असतात. हा प्रकार अँटिव्हायरस बंद करण्यापेक्षा वाईट, कारण बंद असलेला निदान लाल खूण तरी दाखवतो.

तिसरा सल्ला फिरत होता तो ‘कोअर आयसोलेशन’मधली मेमरी इंटिग्रिटी आणि असुरक्षित ड्रायव्हरांची ब्लॉकलिस्ट बंद करण्याचा. ही ब्लॉकलिस्ट विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून सगळ्या मशीनवर मुळातच चालू असते. पंखा फिरवण्यासाठी ती बंद करणं म्हणजे असल्या शेकडो ड्रायव्हरांना एकदम दार उघडणं. हा सल्ला सरळ नाकारावा.

चिपसेट आणि ग्राफिक्सचे नवे ड्रायव्हर मागे घेण्यात तर काहीच अर्थ नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे नव्या ड्रायव्हरने पडदा काळा पडला, आवाज गेला, नेट तुटलं अशा वेळी. ज्या फाइलवर आरोपच नाही ती बदलून इशारा थांबत नाही.

प्रत्यक्ष केलेली कारवाई

क्वारंटाइन, म्हणजे डिफेंडरने पकडलेली फाइल वेगळी डांबून ठेवणं, तसंच राहू दिलं. फॅन कंट्रोलच्या सेटिंगची फाइल बाजूला कॉपी केली. ती साधी मजकुराची असते, तिला धोका नाही. प्रोग्रॅम काढला. मग ‘एससी क्वेरी आर०फॅनकंट्रोल’ देऊन सर्व्हिसची नोंद उरली आहे का ते पाहिलं. डिफेंडर फाइल उचलतो, पण नोंद कधीकधी मागे राहते आणि नवी आवृत्ती बसवताना अडचण करते. उरली असेल तर ‘एससी डिलीट’ आणि तेच नाव, मग रीस्टार्ट. रीस्टार्ट न करता पुढे गेलं तर सर्व्हिस ‘काढण्यासाठी खूण केलेली’ या अवस्थेत लटकते आणि नवी नोंदणी नाकारली जाते. उरलीसुरली ‘सिस’ फाइल हाताने पुसावी. याच मशीनवर दिव्यांचं, कीबोर्डाचं किंवा ओव्हरक्लॉकिंगचं साधन असेल तर त्यांच्या फोल्डरांतही विनरिंग० शोधावा. एका मशीनवर त्याच्या तीन-चार प्रती सापडणं नवल नाही.

पुढची निवड दोन वाटांची. ज्याला फक्त पंखे शांत आणि मशीन गार हवं आहे, त्याने बायोसमधले वक्र नीट बसवावेत आणि प्रोग्रॅमचा विषय संपवावा. कार्यालयातल्या, दुकानातल्या मशीनला हेच योग्य. तिथे कर्नलमध्ये एक ड्रायव्हर कमी असणं केव्हाही बरं. ज्याला ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावरून पेटीतले पंखे फिरवायचे आहेत, त्याला बायोस सहसा पुरत नाही. अशांसाठी नव्या आवृत्त्या आल्या: फॅन कंट्रोल आणि लिब्रेहार्डवेअरमॉनिटर दोघेही विनरिंग० सोडून पॉनआयओ या ड्रायव्हरवर गेले. पॉनआयओही कर्नलमध्येच चालतो, पण मागणाऱ्याला हवा तो पत्ता काढून देत नाही. तो पॉन भाषेतली छोटी मॉड्यूल चालवतो, आणि सही केलेलीच मॉड्यूल स्वीकारतो. त्यामुळे सुपर आय-ओचं मॉड्यूल सुपर आय-ओपुरतंच राहतं.

नवी आवृत्ती विकसकाच्याच गिटहबवरच्या ‘रिलीजेस’ पानावरून घ्यावी. असे इशारे गाजतात तेव्हा हुबेहूब दिसणारी, ‘दुरुस्त आवृत्ती’ देणारी बनावट पानं शोधयंत्रांत वर येतात. उतरवलेल्या इन्स्टॉलरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान पाहावं, आणि चालवण्याआधी त्या एका फाइलवर उजवं क्लिक करून स्कॅन करावा.

आपल्याकडे बऱ्याच मशीनवर डिफेंडरऐवजी पुण्याच्या क्विक हीलसारखा विकतचा अँटिव्हायरस असतो. तो बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. मग वरच्या १११६च्या नोंदी मिळणार नाहीत, त्या अँटिव्हायरसच्या स्वतःच्या अहवालात पाहाव्या लागतील. तपासाचा क्रम तोच: नाव, पत्ता, ठेवणारा.

खरोखरचा खोटा इशारा कसा दिसतो

तोही होतो, आणि मोठ्या प्रमाणात होतो. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या डेफिनिशनने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही मूळ फाइलच व्हायरस ठरवली आणि अनेक कार्यालयांतली मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली. सप्टेंबर २०२२ मध्ये डिफेंडर क्रोमसारख्या ब्राउझरांवर ‘बिहेवियर:विन३२/हाइव्ह.झेडवाय’ असा इशारा देत होता. दुरुस्त डेफिनिशन आल्यावर तो थांबला. अशा वेळी एकाच दिवशी असंख्य मशीनवर, रोजच्या वापरातल्या, वैध सही असलेल्या फायली पकडल्या जातात, आणि दुरुस्ती लवकर येते. विनरिंग०च्या बाबतीत आठवडे गेले तरी इशारा मागे घेतला गेला नाही. तो कायम राहणं हाच मोठा पुरावा होता.

खोटा वाटणारा इशारा आला तर डेफिनिशन ताज्या करून पुन्हा स्कॅन करावा. तरी राहिला तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोज डिफेंडरच्या फोल्डरात जाऊन ‘एमपीसीएमडीरन’ला आधी ‘रिमूव्हडेफिनिशन्स’ व ‘डायनॅमिकसिग्नेचर्स’ हे पर्याय एकत्र, आणि मग ‘सिग्नेचरअपडेट’ द्यावा. तात्पुरत्या सह्या पुसल्या जाऊन निकाल नव्याने लागतो. त्यानंतरही राहिला तर फाइल मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्सच्या पोर्टलवर ‘चुकीने मालवेअर ठरवली’ असा पर्याय निवडून पाठवावी. उत्तर येईपर्यंत ती क्वारंटाइनमध्येच राहू द्यावी. जुना ड्रायव्हर चालतोच आहे, घाई कशाची?

‘आमचा इशारा खोटा आहे, अँटिव्हायरस बंद करा’ हे विक्रेत्याचं वाक्य मात्र पुरावा म्हणून धरू नये. प्रोकलर्ड या प्रिंटर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर इशारे आले तेव्हा कंपनीने आधी तेच सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये जी डेटा या अँटिव्हायरस कंपनीच्या विश्लेषकांनी तिथली डाउनलोड तपासली तर ३९ फायली बाधित निघाल्या. त्यांत एक्सरेड हे मागचं दार आणि क्लिपबोर्डवरचा बिटकॉइनचा पत्ता बदलणारा स्निपव्हेक्स होता. टी-शर्ट छापणाऱ्या, फ्लेक्स करणाऱ्या आपल्याकडच्या लहान दुकानांत असले प्रिंटर आणि त्यांच्यासोबतचे पेन ड्राइव्ह सर्रास असतात. तिथे प्रिंटरचा ड्रायव्हर बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी चिठ्ठी मिळाली, तर बसवणं थांबवून फाइल आधी व्हायरसटोटलवर टाकावी. एखाददुसऱ्या इंजिनाने पकडली तर थांबून पाहता येईल. वीस-तीस इंजिनांनी एकाच कुळाचं नाव दिलं तर पेन ड्राइव्ह परत करावा.

पुढच्या वेळी ड्रायव्हर बदलताना

एका दिवशी एकच ड्रायव्हर बदलावा, मधे एकदा रीस्टार्ट करावं. रिस्टोअर पॉइंट आधी घ्यावा. काही मशीनवर ‘सिस्टीम प्रोटेक्शन’ बंदच असतं, तेव्हा तो बनतो का हे आधीच पाहून ठेवावं. ड्रायव्हर बदलण्याआधी डेफिनिशन ताज्या करून घ्याव्यात आणि एक ‘क्विक स्कॅन’ करावा, म्हणजे जुन्या फायलींवरचे इशारे आधीच येऊन जातील आणि नव्या ड्रायव्हरच्या माथी बसणार नाहीत.

नमुन्याच्या मशीनवर नवी आवृत्ती बसल्यावर शेवटची तपासणी अशी झाली: रीस्टार्ट, फॅन कंट्रोल उघडून सगळ्या सेन्सरांचे आकडे येतात का ते पाहणं, एका पंख्याला हाताने साठ टक्के देऊन आवाज आणि आरपीएम दोन्ही बदलतात का ते पाहणं, मग प्रोग्रॅम बंद करून पंखा बायोसच्या वक्रावर परत जातो का ते पाहणं. ऑटोरन्सच्या ‘ड्रायव्हर्स’ पानावर विनरिंग० किंवा ‘आर०’ने सुरू होणारं नाव उरलेलं नव्हतं. दोन दिवसांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १११६ची नवी नोंद नाही हे पाहून नोंद बंद केली.